मामांची होडी

कारवारच्या कोडीबागेत माझ्या मामांची शिडाची होडी अंगणात कित्येक वर्षे पालथी होती. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ती हाती घेतली. कुजलेल्या दोन फळ्या बदलल्या, फटींत कापूस ठोकला, वरून काजूच्या टरफलांचे तेल. (वास आठवडाभर हाताला!)

प्रश्न उरला नांगरायचा. मामांची जुनी जागा काळी नदीच्या पुलाजवळ. तो जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कोसळला; नदीत पडलेल्या ट्रकच्या चालकाला मच्छीमारांनीच वाचवले. तेव्हापासून मामा तिकडे फिरकत नाहीत.

सदाशिवगडच्या बाजूला एका स्नेह्यांनी जागा देऊ केली. आमच्या धारवाडच्या मामी हसल्या, "दोणी अल्ली, नीवू इल्ली?" मामा बोलले नाहीत. काल मात्र भरतीची वेळ विचारून ते एकटेच पुलाकडे गेले.