झाडालाही गोतावळा लागतो

आज आपण जरा लांबच्या गावाला जाणार आहोत. हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला मॉरिशस नावाचं बेट आहे. तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडची, विशेषतः कोकणातली माणसं मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर करारानं मजुरीला गेली. त्यांची पतवंडं, खापरपतवंडं आजही तिथे नांदताहेत. म्हणजे गाव लांबचं असलं तरी अगदी परकं नाही. पण आज आम्ही सांगणार आहोत ते तिथल्या झाडांविषयी.

तुमच्यापैकी अनेकींनी बॉटल पाम पाहिला असेल. बँकेच्या दारात, बंगल्याच्या फाटकाशी बाटलीसारख्या फुगीर बुंध्याचं बुटकं झाड असतं ना, तेच. त्याचं माहेर मॉरिशस. जगभरच्या बागांत तो हजारोंनी आहे, पण माहेरी, आपला आपण उगवलेला असा, अगदी थोडा उरला. तोही मॉरिशसच्या उत्तरेला समुद्रात असलेल्या राऊंड आयलंड या लहानशा बेटावर. तिथे माणसांनी सोडलेल्या शेळ्या आणि ससे उगवलेलं प्रत्येक रोप खाऊन टाकत. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे हटवले, तेव्हा कुठे रोपांनी पुन्हा मान वर काढली.

बेटावरची झाडं इतकी वेगळी का असतात? मॉरिशस समुद्रातल्या ज्वालामुखीतून सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी वर आलं. ते कधीच कुठल्या खंडाला जोडलेलं नव्हतं. वाऱ्याबरोबर, लाटांवर, पाखरांच्या पोटातून जे बी आलं तेवढंच तिथे रुजलं, आणि लाखो वर्षं एकांतात वाढता वाढता त्याचं रूप पालटलं. तिथे मूळच्या फुलझाडांच्या सुमारे ६९० जाती आहेत. त्यातल्या २७३ जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

मग माणूस आला. १६३८ मध्ये डच लोकांनी वस्ती केली. त्यांना हवा होता आबनूस, म्हणजे काळंभोर, जड लाकूड. आपल्याकडे ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या तेंदूच्याच कुळातलं हे झाड. त्यांनी आबनुसाची रानं तोडली आणि १६३९ मध्ये जावा बेटावरून ऊस आणि हरणं आणली. पुढे फ्रेंच आले, इंग्रज आले, आणि उसाचे मळे पसरत गेले. आपली माणसं राबली ती याच मळ्यांत. आज चांगल्या स्थितीतलं मूळचं रान बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे.

आता कोणी म्हणेल, रान गेलं तरी बागेत एकेक झाड जपलं की झालं! इथेच गोम आहे. क्यूरपीप या गावच्या वनस्पती उद्यानात ताडाच्या कुळातलं एक झाड आहे. बॉटल पामचंच भावंड. त्याच्या जातीचं दुसरं झाड जगात कुठेच सापडलेलं नाही. त्याला नरफुलं येतात, मादीफुलंही येतात, पण एकाच वेळी उमलत नाहीत. नरफुलं झडली की मग मादीफुलं उघडतात. शेजारी दुसरं झाड असतं तर तिथून पराग आला असता. झाड जिवंत आहे, पण त्याच्या मागे कोणी नाही.

रान म्हणजे झाडांचा गोतावळा. त्यात कोण कोणाच्या उपयोगी पडतं हे पाहिलं की आपण थक्क होतो. मॉरिशसचं राष्ट्रीय फूल म्हणजे ट्रोशेशियाच्या एका जातीचं लाल, खाली झुकलेलं फूल. तिथले लोक त्याला फ्रेंचमध्ये ‘बूक्ल दोरेय’ म्हणतात, म्हणजे कानातलं डूल. त्याच्याच एका बहिणीच्या फुलांतला मध चाखायला दिवसा फिरणारी एक हिरवीगार पाल येते. आपण पाल दिसली की केरसुणी उचलतो, पण तिथे तीच पराग या फुलावरून त्या फुलावर नेते. ही पाल राहते केवड्याच्या दाट बनात, कारण तिथे शिकारी पक्ष्यांपासून आडोसा मिळतो. अभ्यासकांना असं आढळलं, की केवड्याजवळच्या झाडांना दूरच्यांपेक्षा जास्त फळं धरतात. म्हणजे केवडा तोडला तर पाल जाते, आणि पाल गेली की फुलाची कूस उजवत नाही.

आबनुसाचंही तसंच. त्याचं फळ आईच्या पायाशी पडतं. ते खाऊन बी दूर नेणारी मोठाली कासवं एके काळी बेटावर होती. खलाशांनी ती खाऊन संपवली. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळ इल ओ एग्रेत नावाचं चिमुकलं बेट आहे, पंचवीस-सव्वीस हेक्टरचं. तिथला आबनूस सरपणासाठी तोडला गेला होता. तोड थांबली, तरी मोकळ्या जागी रोपं येईनात, कारण बी तिथवर न्यायला कोणी नव्हतं. मग २००० साली सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची मोठी कासवं तिथे सोडली. त्यांनी फळं खाल्ली आणि हिंडत हिंडत शेणातून बिया टाकल्या. कासवाच्या पोटातून आलेलं बी जास्त चांगलं रुजतं असंही दिसलं. हरवलेल्या नातलगाच्या जागी दूरचा भाऊबंद उभा राहिला आणि घर चालतं झालं!

आता रॉड्रिग्ज बेटाची गोष्ट. हे मॉरिशसच्या पूर्वेला, पण त्याच देशात. तिथे ‘कॅफे मारों’ नावाचं झुडूप होतं, म्हणजे रानकॉफी. चांदणीसारखी पांढरी फुलं येणारं, कॉफीच्या आणि आपल्या कदंबाच्या कुळातलं. ते नामशेष झालं असंच सगळे धरून चालले होते. १९८० च्या सुमारास एका शिक्षकानं वर्गातल्या मुलांना बेटावरच्या दुर्मीळ झाडांची जुनी चित्रं दाखवली आणि अशी झाडं शोधायला सांगितलं. एक मुलगा फांदी घेऊन आला. रस्त्याकडेला एकच झाड उरलं होतं, तेही कीड लागलेलं.

बातमी पसरली. झाड औषधी आहे असं लोक मानत, म्हणून फांद्या तोडायला रीघ लागली. कुंपण घातलं तरी लोक आत शिरत. १९८६ मध्ये काही फांद्या विमानानं लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यातली एक जगली. तिच्यापासून रोपं झाली, फुलंही आली, पण बी काही धरेना. सगळी रोपं म्हणजे त्या एकाच झाडाचे तुकडे! तिथले उद्यानतज्ज्ञ कार्लोस मॅग्दालेना यांनी स्त्रीकेसराचं टोक कापून त्यावर पराग लावून पाहिला, जागा बदलून पाहिली. शेकडो फुलं वाया गेली. अखेर २००३ मध्ये एक फळ धरलं. पुढे त्या वंशाची रोपं रॉड्रिग्जला परत गेली. एक झाड परत उभं करायला वीसहून जास्त वर्षं लागली! वेळेवर दहा झाडं राखली असती तर हे काम पाखरांनी आणि किड्यांनी फुकट केलं असतं.

मग आज तिथे काय करतात? १९९४ साली ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान झालं. त्यातल्या काही तुकड्यांना कुंपण घालून हरणं आणि रानडुकरं बाहेर ठेवतात, आणि आत निंदणी करतात. हो, निंदणी, आपण शेतात करतो तशीच! सगळ्यात मोठं तण म्हणजे ब्राझीलकडून आलेला एक लाल, बोराएवढा पेरू. लोकांना तो फार आवडतो. हंगामात बायकामुलं टोपल्या घेऊन डोंगरावर जातात, तिखटमीठ लावून खातात. पण त्याची अशी दाटी होते, की खाली मूळच्या झाडाच्या रोपाला ऊन मिळत नाही. जिथे तो काढला तिथे जुनी झाडं पुन्हा फळू लागली, रोपं दिसू लागली. हात मात्र थांबवता येत नाही, कारण पाखरं, माकडं पुन्हा बी टाकतातच. आवडीचं फळ जागा चुकली की तण होतं, हे गळी उतरवणं सोपं नाही.

मैत्रिणींनो, रॉड्रिग्जच्या त्या मुलाकडे ना प्रयोगशाळा होती, ना पैसा. त्याला झाड ओळखता आलं, एवढंच. तेही कोणीतरी त्याला चित्र दाखवलं म्हणून. झाड ओळखणारं माणूस हेही गोतावळ्यातलंच. पाखरू, पाल, कासव, तसंच तेही लागतं. तेव्हा या आठवड्यात एवढं करा. आजीला, सासूबाईंना किंवा गावातल्या जाणत्या बाईला घेऊन शिवारात जा. बांधावरच्या, ओढ्याकाठच्या दहा झाडांची नावं विचारा. त्यावर कोण येतं, बी कोण नेतं, शेजारी काय उगवतं, तेही विचारा. आणि बरोबर एक लहान मूल न्या. पुढे कधी त्यातलं एखादं झाड एकटं उरलं, तर ते ओळखणारं माणूस तेव्हा असायला हवं.

येतो आम्ही. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू.