मुलांच्या पावलांनी बंगळूर

परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींकडून हल्ली घरोघरी फोटो येतात. प्रागच्या जुन्या चौकात बाबागाडी, व्हिएन्नाच्या फरसबंदीवर चार वर्षांचा नातू, कोपनहेगनच्या बाजारात आइस्क्रीम खात चाललेली नात. कोपनहेगनने आपला मुख्य बाजाररस्ता १९६२ मध्येच मोटारींना बंद केला. तिथले दुकानदार आधी कुरकुरले, पण पुढे युरोपातल्या कित्येक शहरांनी हीच वाट धरली. म्हणूनच लहान मुलांना घेऊन एखादी राजधानी पायी पाहणे तिकडे जमून जाते.

आणि आपल्याकडे? नोकरीनिमित्त बंगळूरला गेलेल्या मराठी कुटुंबाकडे सुटीत आजी-आजोबा, भाचरे येतात. टॅक्सी ठरते. विधानसौधासमोर फोटो, लालबागेत एक चक्कर, एखादा मॉल, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे म्हैसूर! बंगळूर काय पाहिले, असे मुलांना विचारले तर बहुतेक वेळा उत्तर मिळते, "ट्रॅफिक." तिथेच वाढणाऱ्या मुलांची गोष्ट फारशी वेगळी नसते. उंच इमारतींचे संकुल, शाळेची बस, पुन्हा संकुल. शहर बसच्या खिडकीतून दिसते तेवढेच.

"बंगळूर काही पायी फिरण्यासारखे नाही" हे वाक्य अर्धेच खरे आहे. नवे बंगळूर खरोखरच तसे नाही. जुने मात्र पायी चालणाऱ्या माणसांनी, पायी चालणाऱ्यांसाठीच वसवले. मेट्रोची हिरवी मार्गिका २०१७ मध्ये शहराच्या मध्यातून सुरू झाली, तेव्हापासून या जुन्या भागांची दारे ओळीने उघडली आहेत. संपिगे रोड, चिकपेट, कृष्णराजेंद्र मार्केट, नॅशनल कॉलेज, लालबाग ही सगळी स्थानके एकाच मार्गावर आहेत. एका सकाळी एकच स्थानक घ्यावे. सातला निघावे, अकराच्या आत परतावे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने सकाळी हवा गार असते. चार-पाच वर्षांचे मूल थांबत थांबत दीड-दोन किलोमीटर चालते, त्याहून अधिक आखूच नये.

चार नांगरांचे गाव

सुरुवात पेठेपासून करावी. कन्नडमधली 'पेटे' म्हणजे आपली पेठच. १५३७ मध्ये केंपेगौडाने मातीचा कोट बांधून हे गाव वसवले. दोड्डपेटे म्हणजे आजचा अ‍ॅव्हेन्यू रोड. तो आणि चिकपेटे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे पांढऱ्या बैलांच्या चार जोड्या नांगराला जुंपून चार दिशांना सोडल्या, आणि नांगराची तासे गेली तसे रस्ते पडले, अशी कथा सांगतात. पूर्वेला हलसूर, उत्तरेला येलहंका, दक्षिणेला आनेकल, पश्चिमेला सोंडेकोप्प अशा वेशी होत्या. पुण्याच्या सोन्याच्या नांगराची गोष्ट ऐकलेल्या मराठी मुलाला हा चौक चटकन आपलासा वाटतो. त्याला चौकात (कडेला!) उभे करून चार दिशा ओळखायला सांगावे.

पुण्याच्या पेठांना वारांची नावे आहेत, इथल्या पेठांना मालाची आणि धंद्यांची. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्किपेटे. बळे म्हणजे बांगड्या, त्यांचे बळेपेटे. अरळेपेटे कापसाचे, कुंबारपेटे कुंभारांचे, गाणिगरपेटे तेल्यांचे. वाचता येणाऱ्या मुलाने पाट्या वाचाव्यात, न येणाऱ्याने दुकानात काय दिसते ते सांगावे. आज नाव आणि माल जुळेलच असे नाही, पण खेळाची गंमत त्यातच आहे.

पेठेच्या दक्षिण टोकाला कृष्णराजेंद्र मार्केट आहे. या बाजारात पहाटे फुलांचे ढीग लागतात. शेवंती, मोगरा, अबोली आणि गुलाब यांचा नुसता वास घेत मुले अर्धा तास रमतात. गजरा इथे हातावर मोजतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक 'मोळ'. मुलीने आपला हात पुढे करून "माझ्या हाताने मोजा" म्हटले तर फुलवाली हसते, आणि बहुधा आपल्याच हाताने मोजून देते. 'एष्टु?' म्हणजे किती आणि 'साकु' म्हणजे पुरे, एवढे दोन शब्द मुलांना आधी शिकवून न्यावेत. अण्णा आणि अक्का तर आपल्या भाषेतही आहेतच. बाजारात गर्दी फार असते, जमिनीवर पाणी आणि पाने असतात. मुलाचा हात सोडू नये आणि नवे बूट घालू नयेत.

आपण कोणाच्या बाजूने होतो?

मार्केटजवळच किल्ल्याचा दिल्ली दरवाजा उभा आहे. हैदरअलीने १७६१ च्या सुमारास मातीचा किल्ला दगडी केला, त्यातला थोडाच भाग उरला आहे. पण दरवाजा दणदणीत आहे, आणि आत गणपतीही आहे. २१ मार्च १७९१ रोजी कॉर्नवॉलिसच्या फौजेने तटाला खिंडार पाडून किल्ला घेतला. त्याची नोंद करणारा दगड तिथे आहे. तिथून थोडे चालले की टिपूचा उन्हाळी महाल लागतो. सागवानी खांब, कमानी, सज्जे. बांधकाम हैदरअलीने सुरू केले आणि ते १७९१ मध्ये पुरे झाले. म्हणजे महाल पुरा झाला त्याच वर्षी किल्ला हातचा गेला. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. शेजारचे कोटे वेंकटरमण देऊळ त्याहून शंभर वर्षे जुने, चिक्कदेवराज वोडेयरच्या काळातले आहे.

आठ-नऊ वर्षांचे मूल इथे हमखास विचारते, "या लढाईत आपण कोणाच्या बाजूने होतो?" उत्तर सोपे नाही, पण टाळूही नये. त्या युद्धात पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन टिपूविरुद्ध उतरले होते. मुले ऐकून घेतात. पाठ्यपुस्तकापेक्षा त्या दगडासमोर उभे राहून ऐकलेले अधिक लक्षात राहते, हेही खरे.

त्याआधीची दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट तर थेट घरचीच आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या मोहिमेत शहाजीराजे इथे आले आणि बंगळूर त्यांच्या जहागिरीत आले. जिजाबाई आणि बाल शिवबा काही काळ इथे राहिले. शहाजीराजांच्या इथल्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त आहे. मात्र त्यांचा वाडा म्हणून खात्रीने बोट दाखवावे असे पेठेत काही उरलेले नाही. त्यासाठी मल्लेश्वरमला जायला हवे.

फूटपाथ नावाचा अडथळा

त्याआधी थोडे रस्त्याविषयी. बंगळूरच्या फूटपाथवर बाबागाडी ढकलण्याचा हट्ट करू नये. गटारावरच्या फरश्या कुठे वर, कुठे खाली. मध्येच विजेची पेटी, झाडाचा बुंधा, लावून ठेवलेल्या दुचाकी. घाईच्या वेळी तर काही दुचाकीस्वार फूटपाथवरूनच जातात. तान्हे मूल झोळीत किंवा कडेवर घ्यावे. चालते मूल भिंतीच्या बाजूला, मोठे माणूस गाड्यांच्या बाजूला, हा नियम मोडायचा नाही. रस्ता ओलांडताना धावायचे नाही. पाण्याची बाटली, टोपी, एक जादा चड्डी आणि सुके खाणे सोबत हवेच. स्वच्छतागृहासाठी मेट्रो स्थानकाचाच आधार असतो, तेव्हा तिथून बाहेर पडण्यापूर्वी सगळ्यांनी जाऊन यावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळिवाच्या सरी कोसळतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस जोरात असतो.

सगळेच रस्ते असे आहेत असे नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सेंट मार्क्स रोड, रेसिडेन्सी रोड, विठ्ठल मल्ल्या रोड अशा काही रस्त्यांना रुंद, सपाट पदपथ मिळाले. २०१८ मध्ये चर्च स्ट्रीटला फरसबंदी झाली. २०२०-२१ च्या हिवाळ्यात तो शनिवार-रविवारी वाहनांना बंद ठेवून पाहिला, तेव्हा मुले तिथे भर रस्त्यात पळत होती. प्रयोग संपला आणि गाड्या परत आल्या. पण हे इथेही करता येते एवढे सगळ्यांना दिसून गेले. त्या रस्त्यावरची जुन्या-नव्या पुस्तकांची दुकाने मात्र कायम आहेत, आणि पावसात अडकलेल्या कुटुंबाला त्याहून चांगला आडोसा नाही.

व्यंकोजींचा शिलालेख

संपिगे रोड स्थानकाला उतरले की मल्लेश्वरम सुरू होते. संपिगे म्हणजे सोनचाफा. त्याला समांतर असलेल्या मार्गोसा रोडचे नाव कडुनिंबावरून आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीच्या सुमारास हवेशीर वस्ती म्हणून हा भाग आणि बसवनगुडी आखले गेले. सरळ रस्ते, ओळीने क्रॉस, आणि घरांच्या पाठीमागून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. या मागच्या गल्ल्यांत गाड्या कमी, मांजरे जास्त. मुलांची पावले आपोआप तिकडे वळतात.

काडू मल्लेश्वर देवळात १६६९ सालचा शिलालेख आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी या देवाला गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. 'काडू' म्हणजे रान. तेव्हा इथे रानच होते. पुढे व्यंकोजी तंजावरला गेले, १६८७ मध्ये बंगळूर मोगलांनी घेतले आणि तिथून ते म्हैसूरच्या राजाकडे गेले. मुलांना या सनावळीत रस नसतो. त्यांना आवडते ते समोरचे नंदीतीर्थ. नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडते आणि पुढे कुंडात जाते. मातीखाली दडलेले हे तीर्थ १९९७ मध्ये खणून बाहेर काढले गेले. पाणी येते कुठून, हा प्रश्न तिथे आलेल्या प्रत्येक मुलाला पडतो.

बाग, खडक आणि शेंगा

कब्बन पार्कबद्दल फार सांगायला नको. १८७० सालची बाग, लाल रंगाचे उच्च न्यायालय, लाल रंगाचेच ग्रंथालय. रविवारी आतल्या रस्त्यांवर वाहनांना बंदी असते, तोच दिवस धरावा. पाय दमले की कस्तुरबा रोडवरचे विश्वेश्वरय्या संग्रहालय गाठावे. राइट बंधूंच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती तिथे आहे. ज्यांचे नाव त्याला दिले ते विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, आणि आपोआप उघडणारी त्यांची दारे पहिल्यांदा बसली ती खडकवासल्याच्या धरणाला.

लालबागेत मात्र पुरी सकाळ द्यावी. २४० एकरांची बाग आहे, सगळी पाहायचा मोह नको. काचघराची पायाभरणी १८८९ ची. बागेचे एके काळचे प्रमुख क्रुंबिगल हे जर्मन गृहस्थ इथे येण्यापूर्वी बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. पण मुलांना दाखवायचा तो खडक. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, हा सुमारे ३०० कोटी वर्षांचा. त्यावर मुले सरळ पळत सुटतात. माथ्यावर केंपेगौडाच्या नावाचा लहानसा बुरूज आहे. असे चार बुरूज चार दिशांना बांधून, गाव यापलीकडे वाढू नये अशी हद्द घातली होती, असे सांगतात. तिथे उभे राहून चहूकडे पाहिले की हसावे की काय ते मोठ्यांना कळत नाही. मुले इमारती मोजू लागतात.

बसवनगुडीसाठी नॅशनल कॉलेज स्थानकावर उतरावे. गांधी बाजारातल्या, १९४३ पासून चाललेल्या विद्यार्थी भवनात डोसा खावा. शुक्रवारी ते बंद असते. कॉफी 'बाय-टू' मागितली की एकीच्या दोन होऊन येतात. पुढे दोड्ड बसव, म्हणजे मोठा नंदी. एकाच दगडातला, सुमारे साडेचार मीटर उंच. शेतकऱ्यांच्या भुईमुगाची नासाडी करणारा बैल दगड झाला आणि तरीही वाढतच राहिला, म्हणून त्याच्या डोक्यावर त्रिशूळ रोवला, ही कथा तिथे कोणीही सांगते. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथे 'कडलेकाई परिषे' भरते. खेड्यापाड्यांतले शेतकरी नव्या भुईमुगाचे ढीग रस्त्याच्या दुतर्फा लावतात. महिना आपला आणि त्यांचा एकच, तेव्हा तारीख घरच्या कालनिर्णयातच सापडेल. जत्रेला सकाळी लवकर जावे, संध्याकाळी मूल खांद्यावर घेऊनही चालता येत नाही. उकडलेल्या शेंगांचा पुडा घेऊन शेजारच्या बुगल रॉकवर बसावे. टरफलांसाठी पिशवी मात्र घरून न्यावी.