पाच स्टार, एक स्टार आणि रिसिव्हर एकच! वापरणाऱ्यांची मतं कशी वाचायची?



परवा सिन्नरहून एका तरुणाचा फोन आला. आठ वर्षं इलेक्ट्रिक वायरिंगची कामं केलेला मुलगा. आता त्याला घरोघरी होम थिएटर बसवून देण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू करायचाय. हाताशी तीन लाख रुपये आहेत, तेही बायकोला विचारून बाजूला काढलेले. एका डीलरकडे डेनॉनच्या एव्हीआर-एक्स२७००एच या रिसिव्हरचे दोन सीलबंद नग पडून आहेत. मॉडेल जुनं झालंय म्हणून डीलर ते कमी भावात द्यायला तयार आहे. मुलगा म्हणाला, "सर, ज्यांच्या घरी हा रिसिव्हर आहे त्यांची मतं रात्र रात्र वाचतोय. निम्मे म्हणतात एक नंबर, निम्मे म्हणतात पैसे पाण्यात गेले. विश्वास कोणावर ठेवू?"

व्हिडिओत मी याचं उत्तर थोडक्यात दिलं, पण विषय मोठा आहे म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुम्ही ऑडिओच्या धंद्यात नसाल तरी वाचा. वॉटर प्युरिफायर विका नाहीतर पिठाची घरगुती गिरणी, ग्राहकांची मतं तुम्हालाही वाचावी लागणारच आहेत.

आधी हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल, ब्लू-रे प्लेअर या सगळ्यांच्या वायरी ज्या एका डब्यात येतात, तो एव्ही रिसिव्हर. चित्र तो टीव्हीकडे पाठवतो आणि आवाज वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देतो. एक्स२७००एच हे २०२० सालचं मॉडेल. ७.२ चॅनल, म्हणजे सात स्पीकर आणि दोन सबवूफर जोडता येतात. डॉल्बी अ‍ॅटमॉस आहे, सहा एचडीएमआय इनपुट आहेत, त्यातला एक ८के चा. थोडक्यात, बंगल्याच्या हॉलमध्ये किंवा थ्री बीएचकेच्या एका खोलीत बसवायला योग्य असा मधल्या फळीतला माल.

आता मतांकडे येऊ. सगळ्यात जास्त वेळा दिसणारी तक्रार वॅटची असते. "१५० वॅट लिहिलंय आणि आवाज तर माझ्या जुन्या सेटइतकाच!" माणूस खोटं बोलत नाही, पण त्याने आकडा अर्धाच वाचलाय. १५० वॅट हा आकडा एकच चॅनल चालू, ६ ओहमचा स्पीकर, १ किलोहर्ट्झचा एकच सूर आणि १ टक्का डिस्टॉर्शन, या अटींवरचा आहे. त्याच रिसिव्हरचा खरा कामाचा आकडा ९५ वॅट. तो दोन चॅनल चालू असताना, ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात आणि ०.०८ टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला आहे. सातही चॅनल एकदम जोरात वाजायला लागले की प्रत्येकाच्या वाट्याला त्याहून कमी येतात, कारण पॉवर सप्लाय सगळ्यांत मिळून एकच असतो.

आणि गंमत ऐका. ९५ आणि १५० मधला फरक कानाला किती? जेमतेम २ डेसिबल! वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. उलट ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरऐवजी ८९ चा स्पीकर लावला, तर रिसिव्हरला हात न लावता तेवढाच फायदा मिळतो. ही गोष्ट ग्राहकाला दुकानात, विकण्याआधी सांगितली तर तुम्ही जाणकार ठरता. घरी बसवून झाल्यावर, त्याने तक्रार केल्यानंतर सांगितली तर ती सारवासारव वाटते. वाक्य तेच असतं.

दुसरी तक्रार संवादांची. "मारामारीचा आवाज कानठळ्या बसवतो आणि हिरो काय बोलतो ते कळत नाही." यात नव्वद टक्के वेळा, असं मी म्हणणार नाही, कारण कोणी मोजलेलं नाही. पण मी स्वतः जिथे जिथे जाऊन पाहिलं, तिथे सेंटर स्पीकर टीव्हीखालच्या कप्प्यात खोल ढकललेला होता किंवा त्याचं तोंड बसणाऱ्याच्या गुडघ्याकडे होतं. सिनेमातले बहुतेक संवाद त्या एका स्पीकरमधून येतात. तो दोन इंच पुढे ओढला आणि खाली रबराचा तुकडा देऊन त्याचं तोंड थोडं वर केलं, तर एक स्टार देणारा माणूस चार स्टारवर येतो. खर्च शून्य.

याच्याच शेजारची तक्रार म्हणजे "ऑडिसी लावलं आणि बासच गायब झाला." ऑडिसी ही खोलीनुसार आवाज जुळवणारी सोय. रिसिव्हरसोबत छोटा माइक येतो, तो ठेवायला पुठ्ठ्याचा स्टँडही येतो. माइक कानाच्या उंचीवर ठेवून बसण्याच्या जागेभोवती वेगवेगळ्या ठिकाणी मोजमाप घ्यायचं असतं. या मॉडेलमध्ये आठ जागांपर्यंत घेता येतं. मालक काय करतो? माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवतो, पंखा चालूच असतो, आत मिक्सर फिरत असतो आणि एक-दोन जागा घेऊन म्हणतो, झालं! अशा मोजमापातून काय निघणार? शिवाय ज्याला वर्षानुवर्षं खोलीत घुमणारा बास ऐकायची सवय आहे, त्याला नीट जुळवलेला बास सुरुवातीला फिकाच वाटतो. मशिनने बऱ्याचदा स्पीकर 'लार्ज' ठरवलेले असतात. ते 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला आणला की खालचा आवाज सबवूफरकडे जातो आणि फरक तिथल्या तिथे ऐकू येतो.

बघा, हे सगळं काम दोन तासांचं आहे आणि मालकाला ते येत नाही. त्याला यायलाच हवं असंही नाही. त्याचं मत वाचताना "हा माल वाईट आहे" एवढंच वाचू नका. "या माणसाच्या घरी नीट बसवून देणारा कोणी गेलाच नाही" हेही त्यातच लिहिलेलं असतं.

तिसरी तक्रार, "आपोआप बंद पडतं." इथे आमच्याच एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. कंपनी वेगळी होती, नाव महत्त्वाचं नाही. त्याने पहिलंच काम एका बंगल्यात केलं. वीस दिवसांनी फोन, सिनेमा अर्ध्यावर आला की रिसिव्हर बंद. हा गेला, मागच्या वायरी बघितल्या, चालू करून दाखवला, परत आला. चार दिवसांनी पुन्हा फोन. असं तीन वेळा झालं. मग डबा सर्व्हिस सेंटरला नेला, तिथे दिवसभर व्यवस्थित चालला. ग्राहक चिडला आणि त्याने गावभर सांगितलं की माल डुप्लिकेट आहे. शेवटी कारण निघालं सुताराने केलेलं टीव्ही युनिट. मागून बंद, पुढून काचेचं दार, आणि रिसिव्हरच्या डोक्यावर सेट टॉप बॉक्स. गरम हवा जाणार कुठे? मागची प्लाय कापली, सेट टॉप बॉक्स दुसऱ्या कप्प्यात ठेवला, विषय संपला. पण तोपर्यंत त्या गावातलं पुढचं काम हातचं गेलं होतं.

डेनॉनच्या रिसिव्हरमध्ये अशा वेळी पॉवरचा दिवा लाल लुकलुकतो आणि लुकलुकण्याचा वेग कारण सांगतो. साधारण दोन सेकंदांनी लुकलुकला तर आत उष्णता वाढलीय. अर्ध्या सेकंदाने, म्हणजे भराभर लुकलुकला तर स्पीकरच्या वायरी तपासा, एखादी तांब्याची तार सुटून शेजारच्या टर्मिनलला चिकटलेली असेल. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. मॅन्युअल वाचणारा टेक्निशियन फोनवरच विचारतो, "दिवा कसा लुकलुकतोय?" आणि एक फेरी वाचवतो.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की चूक नेहमी मालकाचीच असते. मलाही काही काळ तसंच वाटायचं. आता उलटी बाजू ऐका.

२०२० च्या शेवटी एक्सबॉक्स सिरीज एक्स आला. काही जण म्हणू लागले, "या नव्या रिसिव्हरमधून एक्सबॉक्स ४के १२० हर्ट्झवर चालवला की पडदा काळा होतो." त्यांना काय सल्ले मिळाले असतील याचा अंदाज करा. केबल बदला. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट करा. सेटिंग चुकलंय. मी दुकानात असतो तर मीही हेच सांगितलं असतं! पण हे मालक बरोबर होते. दोष एचडीएमआय २.१ च्या चिपमध्येच होता. ती एकच चिप डेनॉन, मॅरँट्झ आणि यामाहा या तिघांच्याही त्या काळातल्या नव्या रिसिव्हरमध्ये होती, आणि आपला एक्स२७००एच त्यातलाच. सॉफ्टवेअर अपडेटने तो दोष जाणारा नव्हता. एनव्हीडियाच्या ३० सिरीजच्या ग्राफिक्स कार्डांनाही अडचण येत होती. प्लेस्टेशन ५ मात्र चालत होता.

म्हणजे एकाच वेळी, एकाच मॉडेलबद्दल, प्लेस्टेशनवाला पाच स्टार देतोय, एक्सबॉक्सवाला एक स्टार देतोय आणि दोघंही खरं बोलताहेत. ज्याच्याकडे गेमिंग कन्सोलच नाही, त्याला तर हा वाद कशाचा आहे तेही कळत नाही.

कंपन्यांनी आधी पर्याय सांगितला की एक्सबॉक्स थेट टीव्हीला जोडा आणि आवाज ईआर्कने रिसिव्हरकडे परत आणा. पुढे २०२१ च्या मे महिन्यापासून डेनॉन-मॅरँट्झने नोंदणी करणाऱ्या मालकांना एसपीके६१८ नावाची छोटी डबी मोफत द्यायला सुरुवात केली, ती कन्सोल आणि रिसिव्हरच्या मध्ये लावायची. यामाहाने आतला बोर्ड मोफत बदलून देण्याचा मार्ग घेतला. २०२२ मध्ये एक्स२८००एच आला आणि त्यात ८के चे तीन इनपुट दिले.

आता विचार करा, मालकाची तक्रार खरी की त्याच्या मांडणीची चूक, हे ओळखायचं कसं? मी एक साधी गोष्ट बघतो. वेगवेगळ्या घरातले, वेगवेगळ्या टीव्हीचे, एकमेकांना न ओळखणारे लोक तंतोतंत तीच गोष्ट सांगताहेत का? "४के, १२० हर्ट्झ, एक्सबॉक्स, काळा पडदा." दहा जणांनी हे एकाच शब्दांत सांगितलं तर मशिनवर संशय घ्या. "आवाजात दम नाही", "मजा आली नाही" असं प्रत्येक जण वेगळ्या शब्दांत सांगतोय, तर खोली, स्पीकर आणि बसवणारा यांच्याकडे आधी बघा. दुसरं म्हणजे मत कधी दिलंय ते बघा. खोकं उघडलं त्याच रात्रीच्या मतात नव्या वस्तूचा आनंद असतो. दोन उन्हाळे काढलेल्या माणसाचं मत मला जास्त मोलाचं वाटतं, मग तो तीन स्टार का देईना.

जाता जाता आणखी एका मताबद्दल. "भाच्याने अमेरिकेहून आणला, फारच स्वस्त पडला." तिकडचा नग १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. थेट प्लग लावला तर काय होईल ते वायरिंगवाल्याला सांगायला नको. चांगल्या क्षमतेचा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, इथली वॉरंटी लागू होत नाही, आणि दुरुस्तीला तुमच्याकडे आला तर जबाबदारी तुमच्या गळ्यात. असं काम घ्यायचंच असेल तर पावतीवर तसं लिहून, सही घेऊन घ्या.

आता सिन्नरच्या मित्राचा हिशोब. समजा एका नगामागे त्याला पाच हजार सुटले. ग्राहक चाळीस किलोमीटरवर आहे. एका फेरीचं पेट्रोल आणि अर्ध्या दिवसाची मजुरी मिळून हजार रुपये धरा. वर सांगितल्यासारख्या चार फेऱ्या झाल्या की हातात हजार उरले, आणि ग्राहक नाराज तो नाराजच. तोच माणूस कोटेशनमध्ये "खोली पाहणी, जोडणी, आठ जागांचं मोजमाप आणि पंधरा दिवसांनी एक फेरी" अशी वेगळी ओळ टाकून त्याचे पैसे लावेल, तर त्याची कमाई खोक्यावर अवलंबून राहत नाही. खोक्याचा भाव ग्राहक मोबाइलवर दोन मिनिटांत तपासतो. तुमच्या दोन तासांचा भाव त्याला तिथे सापडत नाही.

म्हणून मी त्याला सांगितलं की दोन्ही नग घेऊ नकोस, एकच घे, तोही विकायला नाही तर डेमोला. पैसे देण्याआधी डीलरसमोर खोकं उघड, कोणाचा तरी एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि १२० हर्ट्झचा टीव्ही मिळव आणि तासभर चालवून बघ. काळा पडदा आला तर त्या दोषाचं डीलर काय करून देणार हे बिलावर लिहून घे. लिहून देत नसेल तर नमस्कार करून निघ. नग चांगला निघाला तर घरातल्या एका खोलीत मांड, ऑडिसी दहा वेळा लावून बघ, मुद्दाम चुकीचं लाव, मुद्दाम बंद कपाटात ठेव, दिवा कसा लुकलुकतो ते बघ. उरलेल्या पैशांत आधी चांगलं ड्रिल मशिन, वायर टेस्टर आणि सहा महिन्यांचं पेट्रोल.

त्याने विचारलं, "आणि ग्राहकाने विचारलं की हा रिसिव्हर चांगला आहे का, तर काय सांगू?"

मी म्हटलं, सांगू नकोस, विचार. खोली केवढी? टीव्ही युनिट मागून उघडं आहे का? घरात गेमिंग कोण करतं, कशावर? बातम्या-मालिका जास्त की सिनेमा? रात्री अकरानंतर आवाज चालतो का, वर-खाली कोण राहतं? हे पाच प्रश्न एका कागदावर छापून घे आणि पहिल्या भेटीतच भरून घे.

त्याने कागद छापलाय, फोटो पाठवला मला. सहावा प्रश्न त्याने स्वतःच घातलाय, "रिमोट घरात कोणाच्या हातात असतो?" उत्तर बहुतेक घरांत आजी असं येतंय, म्हणे. आता तो आजींना एकाच बटणाने सगळं चालू कसं करायचं ते शिकवून मगच निघतो. त्या एका बटणाचं सेटिंग, म्हणजे टीव्हीतलं ईआर्क आणि रिसिव्हरमधलं एचडीएमआय कंट्रोल, पुढच्या व्हिडिओत प्रत्यक्ष करून दाखवतो.