सेकंदाचे आठ हजार तुकडे

माझं सगळं नोकरीचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजच्या ट्रान्समिशन रूममध्ये गेलं. एसीचा गारठा, कपाटांच्या रांगा, आणि लाल दिवा लागला की पलीकडच्या गावाहून हमखास येणारी हाक : "टू एमबी पडलीय, लूप दे!" मग डीडीएफवर, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात त्या फ्रेमवर, जायची आणि यायची जोडी एकमेकींना जोडायची. तिकडचा दिवा विझला, की मधली लाइन शाबूत आहे आणि दोष आमच्या यंत्रात आहे, हे कळायचं.

ही 'टू एमबी' म्हणजे ई-वन. तिचा खरा वेग सेकंदाला 2.048 मेगाबिट. वरचे 48 हजार कुठून आले, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी पडला आणि मग त्याने सोडलंच नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. आवाजाचे तुकडे करून ते आकड्यांत पाठवण्याची कल्पना ॲलेक रीव्ज यांची. त्यांचं फ्रेंच पेटंट 1938 चं. अमेरिकेत बेल कंपनीने 1962 मध्ये 24 संभाषणांची टी-वन आणली. युरोपने पुढे 30 संभाषणांची ई-वन केली आणि भारताने तीच घेतली.

आता माझ्या आवडीचा भाग. टेलिफोन आपला आवाज साधारण 3400 हर्ट्‌झपर्यंतच पुढे नेतो. तो नंतर नीट जुळवायचा तर सेकंदाला त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावा लागतो. ठरलं आठ हजार वेळा. प्रत्येक मोजणीला 8 बिट, म्हणून एका संभाषणाला सेकंदाला 64,000 बिट. दोन मोजण्यांमध्ये 125 मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात ई-वनवरून 32 डब्यांची एक गाडी सुटते, प्रत्येक डब्यात 8 बिट. 32 गुणिले 8 गुणिले 8000 म्हणजे 20,48,000. संगणकाच्या 1024 ची ही दुप्पट आहे असं चांगल्या शिकलेल्या माणसांनाही वाटतं. तसं नाही, हे 64 चे 32 वाटे आहेत. टेलिफोनच्या जगात किलो म्हणजे चोख 1000.

डबे 0 ते 31. त्यात माणसं बोलतात 30 च डब्यांत. सोळाव्यात फोन उचलला, ठेवला, नंबर फिरवला असा निरोप. शून्याव्या डब्यात एकाआड एक गाडीला 0011011 ही खूण येते. ती सापडली की गाडी कुठे सुरू होते ते पलीकडच्या यंत्राला समजतं. टी-वनमध्ये या कामाला अख्खा डबा नाही, 24 डब्यांमागे एकच जादा बिट. 193 गुणिले 8000, म्हणून तिचा वेग 15,44,000.

एका बँकेला आम्ही 64 ची लीज्ड लाइन दिली होती. तिथले अधिकारी तक्रार घेऊन आले, "साहेब, पैसे 64 चे घेता आणि पडद्यावर 8 च दिसतात." पडद्यावर बाइट होते, आम्ही दिले होते बिट. मी त्यांच्याच टेबलावरची फ्लॉपी उचलून हिशेब मांडला : 14,74,560 बाइट भागिले 8000, म्हणजे तीन मिनिटं आणि चार सेकंद. त्यांनी घड्याळ लावून फाइल पाठवली. थोडा जास्त वेळ लागला, कारण पत्त्याची पाकिटंही त्याच लाइनवरून जातात.

जुन्या वेगाचं नव्यात रूपांतर करताना चूक होते ती इथेच. अनेक ई-वन एकत्र नेणाऱ्या एसटीएम-वनचा वेग 155.52 मेगाबिट. त्याला 2.048 ने भागलं तर जवळजवळ 76 येतात, पण प्रत्यक्षात ई-वन बसतात 63. तीन गुणिले सात गुणिले तीन, अशी त्यांची मांडणीच असते. उरलेली जागा देखरेखीच्या बिटांची आणि रचनेची. तसंच ई-वनच्या जागी इथरनेट घेताना ग्राहकाच्या हाती खरे 1.984 मेगाबिट होते की 1.92, हे आधी पाहावं. नुसता एकेक आकडा देणारे रूपांतराचे तक्ते मला म्हणूनच पुरेसे वाटत नाहीत. त्या दोन मेगाबिटला वाटेकरी नव्हता, आणि जाण्याचा वेग येण्याइतकाच होता, हे त्या तक्त्यांत कुठे येतं?

इथरनेटवाल्यांनी 10, 100, 1000 असे गोल आकडे घेतले, तेव्हा आमचे आठ हजार संपले असं मी धरून चाललो होतो. मग मागच्या वर्षी घरी फायबर आलं. जोडणारा मुलगा शिडीवरून म्हणाला, "काका, वरून अडीच जीबी येतं, ते सगळ्या घरांत वाटतं." अडीच? मी आत जाऊन जुनी वही काढली. या जीपॉन पद्धतीचा खाली येणारा वेग 2488.32 मेगाबिट, म्हणजे आमच्या एसटीएम-सोळाचाच. 8000 ने भागले, 3,11,040 बिट आले. पुन्हा 8 ने भागले, 38,880 बाइट. जीपॉनच्या एका फ्रेमची लांबी नेमकी एवढीच, आणि ती दर 125 मायक्रोसेकंदांनी सुटते.

मुलगा खाली उतरला तेव्हा वही त्याच्यापुढे धरली. त्याने पेचकस खिशात ठेवला आणि विचारलं, "काका, हे आठ हजार कुठून आले?" मी चहा टाकायला सांगितला आणि त्याला खुर्ची दिली.