आधी ब्रेक, मग इंजिन

आज माईकपुढं आम्ही दोघंही बसलो आहोत, नवरा आणि बायको. बचतगटाच्या बैठकीत विषय निघाला होता, की तुमच्या दारातली ती जुनी जीप चालू कशी झाली आणि त्यात बाईमाणसाचं काय काम? तेच सांगायला आलो आहोत. गोठ्यामागं एखादी जुनी गाडी नाहीतर ट्रॅक्टर गंजत पडलाय, असं घर आपल्याकडं गावागणिक सापडेल.

आमचं गाव पाटण तालुक्यात, चढावर. जीप आण्णांची, म्हणजे आमच्यातल्या एकाच्या वडिलांची आणि एकीच्या सासऱ्यांची. महिंद्राची, १९६८ सालची. गावात सगळे तिला 'विलीज' म्हणतात. कागदावर नाव सीजे-३बी. हे मॉडेल मुळात अमेरिकेतल्या विलीज कंपनीनं १९५३ साली काढलं. आत बसवलेलं नवं इंजिन उंच होतं, म्हणून बॉनेटही उंच केलं. महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढं त्या इथंच बनू लागल्या. रस्ता नव्हता तेव्हा आमच्या वाडीतल्या अडलेल्या बाया रात्री-अपरात्री याच जीपमधून दवाखान्यात गेल्या. आण्णा गेले आणि जीप अकरा वर्षं जागेवर उभी राहिली. मागच्या सीटखाली कोंबड्या अंडी घालायच्या.

दुरुस्ती सुरू केली तेव्हा आम्ही एक चूक केली, ती आधी सांगतो. सगळे करतात तीच. आधी इंजिन चालू करायला घेतलं. दोन महिने खटपट केली. कार्बोरेटर उघडून धुतला, पेट्रोलच्या टाकीतला गंज काढला, प्लग बदलले. एका संध्याकाळी इंजिन लागलं, आख्खी आळी जमली, आणि नवऱ्यानं हौसेनं गाडी अंगणात फिरवली. उतारावर ब्रेक दाबला तर पेडल सरळ फळीला टेकलं. हँडब्रेक ओढला, तोही लागेना. गाडी उकिरड्यात जाऊन थांबली. आमचा पुतण्या थोड्याच वेळापूर्वी तिथं उभा होता. त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही.

तसं का झालं, ते पुढं आम्हाला समजलं. या जीपला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असतात आणि चौघांना मिळून ड्रायव्हरच्या पायाखाली एकच मास्टर सिलिंडर. आताच्या गाड्यांत दोन वेगळे भाग असतात, एक फुटला तरी दुसरा धरतो. इथं एका चाकाशी गळती झाली, की चारही चाकांचा ब्रेक गेला. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. अकरा वर्षांत सिलिंडर आतून गंजले, रबरं झडली. हँडब्रेक या गाडीत चाकांवर नसतो, मागं जाणाऱ्या शाफ्टवरच्या एका ड्रमवर असतो. गिअरपेटीचं ऑईल गळून त्यावर गेलं, तर तो नुसता घसरतो.

म्हणून गाडी जॅकवर चढवण्याआधी एवढं लक्षात ठेवा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. खाली घोड्या नाहीतर जाड लाकडी ओंडके लावायचेच. ड्रम काढल्यावर आत जी काळी धूळ असते, ती फुंकायची नाही, हवेनं उडवायची नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं तर फार वाईट. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क लावा. जुन्या रंगाचंही तसंच, त्यात शिसं असू शकतं. पॉलिश पेपर पाणी मारूनच घासायचा, पोरं लांब ठेवायची, ते कपडे घरच्या धुण्यात घालायचे नाहीत.

नवे सिलिंडर, नवे लायनर, नव्या नळ्या बसल्या. मग आलं ब्रेकमधली हवा काढायचं काम, आणि आमच्या मते जीप दोघांची झाली ती त्या दिवशी. हे काम जुन्या रीतीनं करायचं तर एकट्याला जमत नाही. एकानं पेडलवर बसायचं, दुसऱ्यानं चाकाशी. तिथं एक छोटं निपल असतं, त्याला नळी लावून नळीचं टोक थोडं ब्रेक ऑईल घातलेल्या बाटलीत बुडवायचं. पेडलवरच्यानं तीन-चार वेळा दाबून मग धरून ठेवायचं आणि ओरडायचं, "धरलं!" चाकाशी असलेल्यानं निपल ढिलं करायचं, बुडबुडे येतात, पेडल खाली जातं. निपल पुन्हा घट्ट करून तो "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. आधी उचलला, तर हवा परत आत ओढली जाते आणि सगळी मेहनत वाया. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, आमच्या गाडीत ते मागचं डावं. मध्येमध्ये वरच्या डबीत ऑईल भरत राहायचं, आणि ब्रेक ऑईलच. इंजिन ऑईल ओतलं तर रबरं फुगतात.

पहिल्यांदा नवरा चाकाशी होता आणि बायको पेडलवर. तीन चाकं झाली तरी पेडल मऊच. मग जागा बदलल्या. निपलवर पाना कितपत फिरवायचा, ते बायकोच्या हाताला लवकर समजलं. शिवणयंत्राचा ताण जुळवणारा हात आहे तो. संध्याकाळी पेडल घट्ट लागलं.

पैशावरून मात्र आमच्यात आठवडाभर अबोला होता. नवऱ्याचं म्हणणं, गटातून कर्ज काढू. बायकोचं म्हणणं, गटाचं कर्ज शेळीला, यंत्राला, बियाण्याला. जी वस्तू हप्ता कमावून देत नाही तिच्यासाठी बाकीच्या बायांचा पैसा अडकवायचा नाही. शेवटी हातात पैसे येतील तसं काम करायचं ठरलं. वहीत दोन रकाने केले, 'जीव वाचवणारं' आणि 'शोभेचं'. पहिला रकाना संपेपर्यंत दुसऱ्यात एक रुपयाही गेला नाही. म्हणून गाडी वर्षभर ब्रेक पक्के आणि पत्रा भोकाचा अशीच दिसत होती. लोक हसले. हसू देत.

फोर-व्हीलचं थोडक्यात सांगतो. या जीपला जमिनीतून तीन दांडे येतात. मोठा गिअरचा, आणि लहान दोन: एकानं पुढची चाकंही इंजिनला जोडली जातात, दुसऱ्यानं वेग सुमारे अडीच पट कमी होऊन ओढ तेवढीच वाढते. चिखलात नाहीतर चढावर हे वापरायचं, डांबरी रस्त्यावर नाही. खळ्यावर मेढीजवळचा बैल कमी चालतो आणि कडेचा जास्त; वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांचंही अंतर असंच कमी-जास्त असतं. चिखलात चाक थोडं घसरून ते भरून काढतं. डांबरावर घसरायला जागा नाही, मग ताण गिअरपेटीवर येतो.

आता कागद. आरसी बुक अजून आण्णांच्या नावावर होतं. खरं तर गाडीचा मालक वारला, की वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरच्या फॉर्मवर अर्ज करायचा असतो. आम्ही केलं नव्हतं, त्यामुळं हेलपाटे झाले. पण त्यातून एक गोष्ट लख्ख झाली: वारस म्हणजे फक्त मुलगा नव्हे, आई आणि नणंदही. नणंदेकडं संमतीची सही मागायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "सही देते, पण मला चालवायला शिकवायची." गाडी आईंच्या नावावर करून घेतली.

५० वर्षांपुढच्या गाडीला २०२१ च्या नियमानं 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते, २०,००० रुपये फी आहे आणि ती १० वर्षं चालते. पण मग गाडी प्रदर्शनाला आणि रॅलीला. रोज रस्त्यावर आणता येत नाही. आम्हाला बाजाराला न्यायची होती, म्हणून साधंच पासिंग केलं. ते दर पाच वर्षांनी करावं लागतं, पर्यावरण कर आणि विमा वेगळा. मिस्त्री डिझेल इंजिन घाला म्हणत होता, पण आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदललं तर पासिंगला अडतं. पेट्रोलचंच ठेवलं.

नणंदेचं शिकाऊ लायसन झालंय. हुडाचं कापड तेवढं राहिलंय, ते दुसऱ्या रकान्यात आहे. तोवर पाऊस आला, तर आई पुढच्या सीटवर छत्री उघडून बसतात.