पंचविशीतला एक निबंध

पदव्युत्तर वर्गाला शोधनिबंध शिकवताना मी लेखनतंत्राचं पुस्तक बाजूला ठेवते आणि बाबासाहेब आंबेडकरांचा भारतातील जातींवरचा निबंध समोर घेते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात तो वाचला गेला. पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. लिहिणारा विद्यार्थी २५ वर्षांचा होता.

“मॅडम, सुरुवात कशी करू?” हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. बहुतेकांच्या वह्यांत प्राचीन काळापासून काय चालत आलंय ते असतं, मग थोरांची दोन वचनं आणि लगेच स्वतःचं मत. इथे मत सांगण्याआधी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या तपासल्या आहेत. वादात आधी पूर्वपक्ष मांडायचा, ही आपल्याकडची जुनी शिस्त. तो नेटका मांडला नाही, तर आपलं उत्तर नेमकं कोणाला, हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

तपासणी कशी चालते, ते मी फळ्यावर लिहून दाखवते. नेसफील्ड म्हणतात, परक्यांबरोबर जेवणखाण नसणं हे जातीचं लक्षण. आंबेडकर दाखवतात की हा जातीचा परिणाम आहे, नेसफील्डनी तो कारण समजून घेतला. केतकर, म्हणजे आपले ज्ञानकोशकार, दोन लक्षणं देतात: जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच मिळणारं सदस्यत्व. आंबेडकर त्यांची थोरवी मान्य करतात आणि मग विचारतात, लग्नच बाहेर होत नसेल तर बाहेरचा माणूस जन्माने आत येणार कुठून? म्हणजे लक्षणं दोन नाहीत, एकच. मान देऊन मतभेद मांडता येतो, हे मला मुलांना शिकवायचं असतं, आणि याहून चांगला नमुना माझ्याकडे नाही.

यानंतर त्यांचा दावा येतो: जातीतच लग्न करण्याचा नियम हेच जातीचं मर्म. दावा करून ते थांबत नाहीत. नियम टिकवायचा तर जातीत लग्नायोग्य स्त्रीपुरुषांची संख्या जुळती हवी. नवरा मेला की बायको ‘जादा’ ठरते, बायको मेली की नवरा. तिला सती घालवायचं किंवा सक्तीच्या वैधव्यात कोंडायचं. पुरुष समाजाला हवा असतो, त्यामुळे त्याला एक तर ब्रह्मचर्य, नाही तर अजून उपवर न झालेली मुलगी. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या सुट्या वाटणाऱ्या तीन चाली एका नियमातून उलगडतात. हे पान वाचताना वर्ग गप्प होतो. इतक्या भयंकर गोष्टी इतक्या थंड, नेमक्या वाक्यांत लिहिल्या आहेत, की एकही विशेषण लागत नाही.

पुराव्याचा भागही तितकाच शिकण्यासारखा. जाती एका वर्गाने स्वतःला बंद करून घेतल्यावर अनुकरणाने पसरल्या, असं ते म्हणतात. हे घडताना कोणी पाहिलेलं नाही. मग ते एक खूण शोधतात: ब्राह्मणांच्या जवळच्या जातींत तिन्ही चाली कडक, दूरच्यांत त्यांतल्या काहीच, अगदी दूरच्यांत फक्त जातीवरचा विश्वास. अनुकरण खरं असेल तर असंच दिसायला हवं, हा त्यांचा युक्तिवाद. तो पटो न पटो, कुठे बोट ठेवून तपासायचा ते कळतं.

आणि श्रोते बदलले की हाच लेखक भाषा बदलतो. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं, पण होऊ न शकलेलं भाषण त्यांनी स्वतः छापलं. त्यात सुधारकांना थेट, लागोपाठ प्रश्न आहेत. परिसंवादातला संयत स्वर तिथे चालला नसता. १९३७ च्या आवृत्तीत गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये केलेली टीका आणि स्वतःचं उत्तर दोन्ही जोडलेली आहेत. वाचकाला ताडून पाहायला वाव राहिला.

यंदाचा गृहपाठ ठरला आहे. केतकरांची व्याख्या घ्यायची आणि आंबेडकरांच्या आक्षेपाला केतकरांच्या बाजूने एका पानात उत्तर लिहायचं. विशेषणं चालणार नाहीत.