लग्नाचा दाखला आणि नात्याचा पुरावा

विवाह झाला हे सिद्ध करणे आणि तो विवाह खरा आहे हे सिद्ध करणे या निराळ्या गोष्टी असून, दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राममधून ब्रिटनच्या जोडीदार-व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांची कसोटी दुसरीपाशी लागते. पहिलीची वाट ठरलेली आहे : सर्वोच्च न्यायालयाने ‘सीमा विरुद्ध अश्विनीकुमार’ या खटल्यात 2006 मध्ये विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले, दिल्लीत 2014 च्या आदेशाने ती सक्ती लागू झाली, आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे एसडीएमच्या, कचेरीत दाखला मिळतो. परंतु ब्रिटिश नियमांना हवे असलेले ‘खरे व टिकून असलेले’ नाते, म्हणजे केवळ व्हिसासाठी न जुळवलेले आणि अर्जाच्या वेळीही चालू असलेले नाते, कोणतीच कचेरी प्रमाणित करत नाही.

ठरवून झालेल्या लग्नात हे काम विशेष अवघड होते, कारण लग्नाआधीच्या भेटी मोजक्या आणि बहुधा वडीलधाऱ्यांच्या देखत झालेल्या असतात, लग्नानंतर एक जोडीदार लवकरच परदेशी परततो, आणि संयुक्त बँक खाते किंवा दोघांच्या नावाचा भाडेकरार होण्याची वेळच आलेली नसते. मग फाईल भरते ती व्हिडिओ कॉलच्या नोंदी, पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, बोर्डिंग पास आणि छायाचित्रे यांनी. त्यांत दोघांचेच फोटो निवडण्याकडे कल असतो. वास्तविक दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा-मावश्या एकत्र असलेला आणि खाली तारीख, स्थळ व प्रत्येकाचे नाते लिहिलेला फोटो अशा विवाहाविषयी कितीतरी अधिक सांगतो.

मराठी घरांच्या फाईलमध्ये नावांचा गुंता वेगळाच असतो. पत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’ म्हणून छापलेल्या नावात मधले नाव वडिलांचे असते, लग्नानंतर तेथे पतीचे नाव येते, आडनाव बदलते, काही घरांत ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेले नवे पहिले नावही मिळते, आणि पासपोर्ट मात्र माहेरच्याच नावाचा राहतो. परक्या अधिकाऱ्याला या दोन निरनिराळ्या स्त्रिया वाटू नयेत म्हणून प्रतिज्ञापत्र जोडावे लागते, तसेच पत्रिकेच्या इंग्रजी भाषांतरावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख आणि संपर्काचा तपशील द्यावा लागतो.

दिल्लीच्या अर्ज केंद्रात बोटांचे ठसे व छायाचित्र घेतले जाते, पण तेथील कर्मचाऱ्यांचा निर्णयाशी संबंध नसतो. निर्णय देणारा अधिकारी दांपत्याला बहुधा भेटतही नाही. कागदांवरची ही भिस्त कठोर असली तरी पूर्वीची पद्धत अमानुष होती : हीथ्रो विमानतळावर एका भारतीय वाग्दत्त वधूची कौमार्य तपासणी झाल्याचे 1979 मध्ये उघड झाले, आणि पुढे 1997 पर्यंत विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणे नाही, हे अर्जदारालाच सिद्ध करावे लागे. आज नाते मान्य झाले तरी उत्पन्नाची अट उरतेच. एप्रिल 2024 मध्ये ती वार्षिक 18,600 पौंडांवरून 29,000 पौंडांवर गेली, आणि दिल्लीतल्या जोडीदाराचा इथला पगार, तो कितीही मोठा असो, पहिल्या अर्जात या हिशेबात धरला जात नाही.